बोझमनचा उन्हाळी मुक्काम : आखणी कोणत्या क्रमाने करावी

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात बोझमन नावाचे लहान शहर आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ५३ हजारांच्या घरात होती. त्याच्या विमानतळाचे पूर्ण नाव ‘बोझमन यलोस्टोन आंतरराष्ट्रीय विमानतळ’ असे आहे, आणि बहुतेक कुटुंबांच्या आखणीतली पहिली चूक या नावातच दडलेली असते. नाव वाचून यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान धावपट्टीच्या कुंपणापलीकडे असावे असे वाटते. प्रत्यक्षात उद्यानाचे सर्वांत जवळचे प्रवेशद्वार शहरापासून सुमारे १३० किलोमीटरवर, म्हणजे पुण्याहून महाबळेश्वर जितके तितके दूर आहे, आणि ज्या ‘ओल्ड फेथफुल’ नावाच्या गरम पाण्याच्या फवाऱ्यासाठी सगळे येतात तो त्याहूनही बराच आत आहे. अमेरिकेत राहणारी आणि भारतातून आलेल्या आई-वडिलांना घेऊन जाणारी मंडळी इथे दोन रात्रींचे हॉटेल घेतात, तिन्ही दिवस गाडीत काढतात आणि परतल्यावर ‘फार दमणूक झाली’ असे सांगतात. या दमणुकीचे मूळ चुकलेल्या क्रमात असते, म्हणून पुढील टप्पे त्याच क्रमाने पार पाडावेत.

टप्पा १ : तारखा ठरवणे

आपल्याकडे उन्हाळा म्हणजे एप्रिल-मे, आणि शाळांच्या सुट्ट्या पाहून आई-वडिलांचे किंवा भावंडांचे येणेही त्याच सुमारास ठरते. बोझमनमध्ये मात्र मे महिन्यात डोंगरवाटांवर चिखल आणि उरलेला बर्फ असतो. शहराच्या दक्षिणेकडील हायलाइट दरीचा रस्ता १ एप्रिल ते १५ मे या काळात वाहनांना बंद असतो, आणि यलोस्टोनमधील उंचावरचे घाटरस्ते मे महिन्याच्या अखेरीपर्यंत क्रमाक्रमाने उघडतात. त्यामुळे ज्येष्ठ मंडळी मे महिन्यात अमेरिकेत पोहोचणार असली, तरी बोझमनचा बेत जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या आधी करू नये.

जूनची अखेर ते जुलैचा मध्य हा काळ निसर्गाच्या दृष्टीने सर्वांत चांगला असतो. दऱ्या हिरव्या असतात, नद्यांना पाणी असते आणि संध्याकाळी नवाच्या सुमारासही उजेड असतो. फक्त ४ जुलैचा आठवडा टाळावा, कारण तेव्हा गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात. ऑगस्टमध्ये दिवस गरम आणि कोरडे होतात आणि वणव्यांचा धूर येण्याची शक्यता वाढते. धूर आला की समोरचा डोंगरही दिसेनासा होतो. ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारच्या सुमारास शहरात ‘स्वीट पी’ हा कलामहोत्सव असतो, त्यामुळे त्या दिवसांत खोली हवी असेल तर फार आधी हालचाल करावी लागते. शाळेचे बंधन नसलेल्यांनी सप्टेंबरचा पहिला पंधरवडा विचारात घ्यावा. त्या वेळी गर्दी ओसरू लागते, मात्र धुराचा धोका पूर्णपणे टळलेला नसतो.

*तपासणी :* तारखा पक्क्या करण्यापूर्वी राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर यलोस्टोनच्या रस्त्यांच्या स्थितीचे पान उघडून, आपल्याला लागणारा प्रत्येक रस्ता त्या तारखांना उघडा असेल का आणि कोठे दुरुस्तीमुळे वाहने थांबवली जातात का, हे पाहावे.

टप्पा २ : रात्रींची वाटणी

संपूर्ण आखणीचा कणा हा टप्पा आहे, म्हणून त्याला सर्वाधिक वेळ द्यावा.

बोझमनहून यलोस्टोनला जाण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग आय-९० महामार्गाने पूर्वेकडे लिव्हिंग्स्टनपर्यंत आणि तेथून यूएस ८९ ने दक्षिणेकडे पॅराडाइज व्हॅलीतून गार्डिनरला, म्हणजे उद्यानाच्या उत्तर प्रवेशद्वाराला जातो. तो मोकळा आणि चालवायला सोपा आहे. दुसरा यूएस १९१ ने गॅलाटिन नदीच्या अरुंद दरीतून, बिग स्कायचा फाटा ओलांडून वेस्ट यलोस्टोनला, म्हणजे पश्चिम प्रवेशद्वाराला जातो. हे अंतर सुमारे १४५ किलोमीटर आहे. रस्ता बहुतांश दुपदरी आहे, मालमोटारी भरपूर असतात, आणि दिवेलागणीला हरणे वाटेत येतात. पश्चिम प्रवेशद्वारापासून ओल्ड फेथफुल आणखी सुमारे ४८ किलोमीटरवर आहे. म्हणजे बोझमनहून सकाळी निघून ओल्ड फेथफुल पाहून रात्री परतायचे ठरवल्यास जाऊन-येऊन जवळपास ३९० किलोमीटर होतात, आणि कोठेही न थांबता किमान पाच तास गाडीतच जातात. उद्यानात वेगमर्यादा साधारणपणे ताशी ४५ मैल, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर असते. त्यात बायसनचा (अमेरिकेतल्या रानगव्यांचा) एखादा कळप डांबरी रस्त्यावर ठाण मांडून बसला, की आपल्याकडच्या रास्ता रोकोलाही लाजवील अशी रांग लागते, आणि तो कधी उठेल हे पोलीसही सांगू शकत नाहीत.

यावर उपाय म्हणजे मुक्काम विभागणे. सहा रात्रींच्या सहलीत पहिल्या दोन रात्री बोझमनमध्ये, पुढच्या तीन रात्री वेस्ट यलोस्टोन किंवा गार्डिनर येथे आणि शेवटची रात्र पुन्हा बोझमनमध्ये काढावी. गरम पाण्याचे झरे आणि फवारे प्रामुख्याने पाहायचे असतील तर वेस्ट यलोस्टोन सोयीचे, आणि लामार दरीतले प्राणी पाहायचे असतील तर गार्डिनर सोयीचे. चारच रात्री हाताशी असतील तर दोन-दोन अशी वाटणी करावी आणि उद्यानाचा एकच भाग पाहावा. उद्यानातला मुख्य रस्ता इंग्रजी आठच्या आकड्याच्या आकाराचा असून सुमारे २३० किलोमीटरचा आहे, आणि तो एका दिवसात ‘पुरा करण्याचा’ हट्ट ज्येष्ठांसाठी शिक्षा ठरतो.

उद्यानाच्या आतल्या निवासांचे आरक्षण सुमारे वर्षभर आधी खुले होते आणि लवकर भरते. मात्र रद्द झालेल्या खोल्या अधूनमधून परत येतात, त्यामुळे बाहेरची रद्द करता येण्याजोगी खोली आधी हातात घेऊन आतल्या खोलीसाठी रोज एकदा पाहत राहणे हा शहाणपणाचा मार्ग आहे.

*सावधान :* ‘यलोस्टोनजवळ’ असे लिहिलेले घर भाड्याने घेताना नकाशावर प्रवेशद्वारापर्यंतचे अंतर मिनिटांत मोजावे. बिग स्कायमधली सुंदर घरे ‘जवळ’ या शब्दाखाली दिसतात. तेथून पश्चिम प्रवेशद्वारही सुमारे तासाभराच्या अंतरावर आहे.

टप्पा ३ : आधी गाडी, मग विमान

स्वस्त विमान तिकीट दिसले की बोट आपोआप ‘खरेदी’वर जाते, ते इथे आवरावे. बोझमनमध्ये गाडीवाचून डोंगर गाठता येत नाहीत, आणि जुलैमध्ये भाड्याच्या मोठ्या गाड्या लवकर संपतात किंवा त्यांचे भाडे विमान तिकिटापेक्षा जास्त होते. म्हणून आधी त्या तारखांना सात जणांची गाडी उपलब्ध आहे का, ते पाहावे, रद्द करता येईल असे आरक्षण करावे आणि त्यानंतरच तिकीट काढावे. दर फारच जास्त असतील तर पूर्वेकडे सुमारे २३० किलोमीटरवर असलेल्या बिलिंग्जच्या विमानतळाचाही हिशेब करून पाहावा, मात्र त्या अंतराचा वेळ आणि इंधन त्यात धरावे.

येथे आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. पहिल्या खेपेस आमचे विमान उशिरा, रात्री बाराच्या पुढे उतरले. आरक्षण पक्के होते, पैसे भरलेले होते, पण गाडी देणारा काउंटर बंद झाला होता. आरक्षण करताना विमानाचा क्रमांक लिहिला नव्हता, म्हणून आमची वाट पाहण्याचे त्यांना कारण नव्हते. वडील सामानाच्या ट्रॉलीवर डोके टेकून बसले होते आणि आई थर्मासमधला शेवटचा घोट चहा चौघांत वाटत होती. तेव्हापासून आरक्षणाच्या अर्जात विमान क्रमांक आधी भरतो, काउंटरची बंद होण्याची वेळ फोनवर विचारतो आणि रात्री नऊनंतर उतरणारे विमान घेत नाही.

*तपासणी :* चालवणाऱ्या प्रत्येकाचे नाव करारात आहे का, आणि गाडीवरचा विमा आपल्या नेहमीच्या गाडीच्या विम्यातून मिळतो की वेगळा घ्यावा लागतो, हे घरूनच ठरवून निघावे. रात्री काउंटरवर उभे राहून घेतलेला निर्णय हमखास महाग पडतो.

टप्पा ४ : प्रवेशशुल्क आणि कागदपत्रे

यलोस्टोनचे खासगी गाडीचे प्रवेशशुल्क ३५ डॉलर असून ते सात दिवस चालते. त्यामुळे पहिल्या दिवशीची पावती गाडीतच जपून ठेवावी. शेजारच्या ग्रँड टीटन उद्यानाचे शुल्क वेगळे आहे.

भारतातून आलेल्या पाहुण्यांसाठी २०२६ पासून महत्त्वाचा बदल झाला आहे. १ जानेवारी २०२६ पासून यलोस्टोन आणि ग्रँड टीटन यांसह ११ राष्ट्रीय उद्यानांत १६ वर्षे आणि त्याहून अधिक वयाच्या अनिवासी, म्हणजे अमेरिकेत न राहणाऱ्या, पर्यटकांना नेहमीच्या शुल्काखेरीज दरडोई १०० डॉलर जास्तीचे द्यावे लागतात. अनिवासींसाठीचा वार्षिक पास २५० डॉलरचा, तर निवासींसाठीचा ८० डॉलरचा आहे. दोन किंवा तीन उद्याने पाहायची असतील तर सुट्या शुल्काची बेरीज आणि पासची किंमत कागदावर शेजारी-शेजारी मांडावी, आणि एका पासवर गाडीतले किती जण येतात याचा नियम अधिकृत पानावर वाचूनच खरेदी करावी. जुन्या माहितीवर विसंबून ‘आमच्या पासवर सगळे येतात’ असे आई-वडिलांना सांगून ठेवू नये.

निवासी असल्याचा पुरावा म्हणून अमेरिकेतील राज्याचा वाहनपरवाना जवळ असावा. ज्येष्ठांचे मूळ पासपोर्ट देशांतर्गत विमानासाठीही लागतात. ते हॉटेलच्या तिजोरीत विसरून निघणे ही पुन्हा पुन्हा होणारी चूक आहे, म्हणून खोली सोडताना पासपोर्ट हातात घेऊन मोजावेत.

टप्पा ५ : सामान, औषधे आणि स्वयंपाक

बोझमन समुद्रसपाटीपासून सुमारे १,४६० मीटरवर आहे. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरचे, म्हणजे शहर त्याहून थोडेच खाली आहे. ओल्ड फेथफुलचा परिसर मात्र सुमारे २,२४० मीटरवर आहे. निरोगी माणसाला याचा फारसा त्रास होत नाही, तरीही पहिल्या दिवशी दम लागणे, डोके जड होणे आणि झोप नीट न लागणे हे प्रकार होतात. हृदयाचा, फुप्फुसाचा किंवा रक्तदाबाचा आजार असलेल्यांनी ही उंची सांगून डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. प्रवासी आरोग्य विमा घेताना आधीपासूनच्या आजारांबाबतचे कलम वाचावे. औषधे सहलीच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त पुरतील इतकी, आणि हातातल्या पिशवीत असावीत.

कपड्यांच्या बाबतीत ‘उन्हाळा’ हा शब्द फसवतो. जुलैत बोझमनची दुपार ३० अंशांच्या आसपास जाते आणि पहाट १० अंशांच्या जवळ उतरते. उद्यानात पहाटेचे तापमान त्याहूनही बरेच खाली जाते, आणि उंचावर कोणत्याही महिन्यात बर्फ पडू शकतो. प्रत्येकाकडे एक लोकरी थर, पाऊस अडवणारे जाकीट, कानटोपी आणि घट्ट तळव्याचे बूट हवेत. साडी नेसणाऱ्या आईसाठी लांब लोकरी मोजे आणि बंद बूट वेगळे लक्षात ठेवावेत. हवा कोरडी असते, घाम जाणवत नाही आणि तहानही लागत नाही, म्हणून पाणी घड्याळ पाहून प्यावे.

स्वयंपाकाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. गावात शाकाहारी जेवण मिळते, पण उद्यानात आणि प्रवेशद्वाराजवळच्या गावांत निवड मर्यादित असते आणि संध्याकाळी रांगा असतात. म्हणून किचनेट असलेली खोली घ्यावी. उंचीमुळे पाणी लवकर उकळते पण कमी तापते : ओल्ड फेथफुलच्या उंचीवर ते सुमारे ९३ अंशांनाच उकळते. त्यामुळे उघड्या भांड्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी दाताखाली कचकच लागते. विजेवर चालणारा प्रेशर कुकर न्यावा, नाहीतर डाळ विसरून मुगाची खिचडी, उपमा, दडपे पोहे आणि मेतकूट-भात असा बेत ठेवावा. तांदूळ आणि मसाले आपल्या शहरातूनच भरून न्यावेत. मोंटानात सर्वसाधारण विक्रीकर नाही, त्यामुळे बाकीचा किराणा बोझमनमध्येच घ्यावा. बोझमन सोडले की किराणा महाग होतो आणि निवडही कमी होते.

टप्पा ६ : पहिले दोन दिवस शहरातच

उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी उद्यानाकडे धावू नये. शरीर उंचीला रुळण्यासाठी हे दोन दिवस हवेत, आणि बोझमन ते सहज भरून काढते.

पहिल्या सकाळी मोंटाना स्टेट विद्यापीठाजवळचे ‘म्युझियम ऑफ द रॉकीज’ पाहावे. मोंटानात सापडलेले डायनोसॉरचे सांगाडे मुलांना आणि आजोबांना सारखेच खिळवून ठेवतात. संध्याकाळी मेन स्ट्रीटवर पायी फिरावे. दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडे हायलाइट दरीत जावे. तेथील पॅलिसेड धबधब्यापर्यंतची वाट डांबरी आणि एका बाजूने सुमारे एक किलोमीटरची आहे, पण काही ठिकाणी चढ तीव्र असल्याने गुडघेदुखी असणाऱ्यांनी काठी घ्यावी. तरुणांनी ब्रिजर पर्वताच्या पायथ्याची ‘एम’ची (डोंगरावरच्या मोठ्या ‘M’ अक्षरापर्यंत जाणारी) वाट सकाळी आठच्या आधी चढावी. तिचा उजवीकडचा फाटा छोटा पण खडा, तर डावीकडचा लांब आणि सौम्य आहे. आजोबांनी ‘मी सिंहगड चढलोय’ असे सांगून खडा फाटा धरला, तरी त्यांना सौम्य वाटेनेच न्यावे.

*सावधान :* जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजांसह वादळे येतात. उघड्या कड्यावर असाल आणि ढगांचा रंग बदलताना दिसला, तर फोटो न काढता खाली उतरावे.

टप्पा ७ : यलोस्टोनचा दिवस

आदल्या रात्री तीन गोष्टी कराव्यात. गाडीची टाकी भरावी, राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ॲपमध्ये यलोस्टोनची माहिती आणि नकाशा फोनवर उतरवून घ्यावा (उद्यानात मोबाइलला रेंज नसल्यातच जमा असते), आणि डबे भरून ठेवावेत.

सकाळी साडेसहाच्या सुमारास पश्चिम प्रवेशद्वार ओलांडावे. आठ-नऊनंतर तिथे गाड्यांची रांग लागते आणि मुख्य ठिकाणांचे वाहनतळ भरू लागतात. सर्वप्रथम थेट ओल्ड फेथफुलला जावे. पुढचा उद्रेक केव्हा अपेक्षित आहे, ते माहिती केंद्रात लिहिलेले असते. दोन उद्रेकांत सरासरी दीड तासाचे अंतर असते आणि अंदाज दहा-वीस मिनिटे पुढे-मागे होतो, म्हणून वाट पाहताना लाकडी फळ्यांच्या वाटेवरून इतर झरे पाहून यावे. परतीच्या वाटेवर ग्रँड प्रिझमॅटिक झरा दुपारी पाहावा. सकाळच्या थंड हवेत त्यावर इतकी वाफ असते की रंग दिसतच नाहीत, आणि भल्या सकाळी तिथे जाऊन निराश होणारी कुटुंबे आम्ही दर खेपेस पाहतो. ओल्ड फेथफुलच्या वाहनतळात मात्र सकाळीच जागा मिळते, हे दोन्ही लक्षात ठेवूनच हा क्रम दिला आहे.

दुपारी तीननंतर नवे ठिकाण धरू नये. अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे, कारण रात्री काळा बायसन काळ्या रस्त्यावर दिव्यांच्या उजेडातही शेवटच्या क्षणीच दिसतो.

*तपासणी :* प्रत्येक थांब्यावर गाडी सोडताना पाण्याची बाटली, टोपी, जाकीट आणि ज्येष्ठांची औषधे सोबत आहेत का, ते पाहावे. स्वच्छतागृह दिसले की वापरावे, पुढचे केव्हा येईल याचा भरवसा धरू नये.

टप्पा ८ : प्राणी आणि गरम पाणी

इथले नियम मोडण्याची किंमत जिवाने मोजावी लागते. अस्वल, लांडगे आणि कूगर (पहाडी सिंह) यांच्यापासून किमान ९१ मीटर, आणि बायसन, एल्क (मोठे हरीण) यांसह इतर सर्व प्राण्यांपासून किमान २३ मीटर अंतर ठेवावे. बायसन गोठ्यातल्या म्हशीसारखा शांत दिसतो, पण तो माणसापेक्षा कितीतरी वेगाने धावतो. फोटोसाठी कुटुंबाला त्याच्याकडे पाठ करून उभे करू नये. झऱ्यांच्या परिसरात फळ्यांची वाट सोडून एक पाऊलही टाकू नये. वरचा कवच पातळ असतो आणि खाली उकळते पाणी असते. मुलांचा हात सोडू नये, आणि उडालेली टोपी उडू द्यावी.

कोणत्याही डोंगरवाटेवर, बोझमनजवळच्या वाटांवरसुद्धा, अस्वलाला रोखणारा फवारा (बेअर स्प्रेचा डबा) कमरेला लावलेला असावा. तो विमानात हातातल्या किंवा मोठ्या सामानातही नेता येत नाही, म्हणून बोझमनमध्येच विकत किंवा भाड्याने घ्यावा आणि त्याची कळ कशी दाबायची, हे दुकानदाराकडून शिकून घ्यावे. काही जण तो डास मारण्याच्या औषधासारखा अंगावर किंवा तंबूवर मारतात. त्यात मिरचीचा अर्क असतो, त्यामुळे पुढचा तास डोळे चोळण्यात आणि खोकण्यात जातो आणि अस्वलावर काहीच परिणाम होत नाही. खाद्यपदार्थ बाकावर उघडे सोडू नयेत. भडंगाची पिशवीसुद्धा गाडीत काचा बंद करून ठेवावी.

टप्पा ९ : धूर, पाऊस आणि एक मोकळा दिवस

आखणीत एक दिवस नावाविना ठेवावा. रोज सकाळी ‘एअरनाऊ’ या संकेतस्थळावर हवेची प्रत आणि हवामान खात्याचा अंदाज पाहून तो दिवस कुठे वापरायचा, ते ठरवावे. धूर जास्त असेल तर दम्याच्या रुग्णांना बाहेर नेऊ नये. संग्रहालय, किंवा पश्चिमेकडे साधारण तासाभरावर असलेल्या लुईस अँड क्लार्क गुहांचा मार्गदर्शकासह फेरफटका हे चांगले पर्याय आहेत. मात्र गुहेत पायऱ्या बऱ्याच आहेत आणि आत थंडी असते. धूर नसेल तर हा दिवस काहीही न पाहता नदीकाठी सावलीत बसून काढावा. आमच्या वडिलांना सहा दिवसांतला हाच दिवस सर्वांत जास्त आवडला.

भारतात फोन करायचा असेल तर वेळेचा फरक साडेअकरा तासांचा आहे. इथले रात्रीचे नऊ म्हणजे तिकडचे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेआठ.

टप्पा १० : परतीचा दिवस

शेवटची रात्र बोझमनमध्ये काढली असेल तर हा दिवस सोपा जातो. गाडीत इंधन विमानतळाजवळ पोहोचण्याआधी भरावे आणि पावती ठेवावी. गाडीच्या कप्प्यांत, आसनांखाली आणि दारांच्या खाचांत हात घालून पाहावे. चष्मे आणि गोळ्यांच्या डब्या तिथेच सापडतात. सामान तपासणीला देण्यापूर्वी अस्वलाचा फवारा कोणत्याही पिशवीत राहिलेला नाही, याची खात्री करावी. भाड्याने घेतला असेल तर परत करावा, आणि विकत घेतला असेल तर हॉटेल सोडतानाच त्याच दिवशी डोंगरात निघालेल्या एखाद्या कुटुंबाला देऊन टाकावा.